अंगठ्याखालची मराठी

२७ फेब्रुवारी जवळ आला की घरच्या, शाळेच्या, सोसायटीच्या प्रत्येक ग्रुपवर तोच वाद पेटतो. एक जण लिहितो, मराठी माणसाने मराठी देवनागरीतच लिहावी, इंग्रजी अक्षरांत लिहिणे हा भाषेचा अपमान आहे. दुसरा म्हणतो, अर्थ कळला ना, मग झालं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून पहिल्या बाजूचा आवाज आणखी चढला आहे. मला वाटते, हा वाद दोन्ही बाजूंनी चुकीचा मांडला जातो आहे. दोघेही लिहिणाऱ्या माणसाकडे बघतात. एकाला त्याच्यात आळस दिसतो, दुसऱ्याला व्यवहारीपणा. तो ज्या काचेवर लिहितो त्या काचेकडे कोणी बघतच नाही. फोनवर मराठी लिहिणे अवघड जाते, कारण आपल्या हातात आलेले कीबोर्ड ना मराठीसाठी बांधलेले आहेत, ना अंगठ्यासाठी. ते तसे बांधून घेणे हे आपले सार्वजनिक काम आहे, आणि ते अंगावर न घेता लिहिणाऱ्याला बोल लावणे मला अन्यायाचे वाटते.

माझ्या आईचेच सांगते. तिने साताऱ्यात मराठी टायपिंगची ४० च्या वेगाची परीक्षा दिली आणि पुढे आयुष्यभर सरकारी कचेरीत टंकलेखक म्हणून काम केले. अर्धे अक्षर मारून मग काना द्यायचा, की अक्षर पुरे होते, अशा त्या जुन्या मशीनवर तिची बोटे न बघता चालायची. गेल्या हिवाळ्यात तिचा निरोप आला: ‘बर्याच दिवसांनी इकडे अवकाळी पाऊस झाला. गुर्हाळावरून काकवी आणली आहे.’ मी घरी गेल्यावर विचारले, ‘अगं आई, बऱ्याच असं का नाही लिहिलंस?’ तिने फोन माझ्या हातात दिला. ‘कुठाय तो र, दाखव बघू. मशीनवर बोटांना पाठ होतं सगळं. इथे तीनदा शोधला, नाही सापडला. मग म्हटलं, समजेल तुला.’ मलाही तो लगेच सापडला नाही. ‘र’ची कळ दाबून धरली, वर एक चिमुकली खिडकी उघडली, त्यात बोट सरकवले, मग पाय मोडायचे चिन्ह शोधले, मग ‘य’. एका जोडाक्षरासाठी चार हालचाली, त्यातली एक दाबून धरण्याची. तिच्या अंगठ्याला संधिवात आहे. दाबून धरणे तिला जमत नाही, खिडकी उघडायच्या आत बोट निसटते.

हा ‘ऱ्य’ काही क्वचित लागणारा दागिना नाही. शब्दाच्या शेवटी रा किंवा री असली आणि तो शब्द विभक्तीत किंवा अनेकवचनात गेला, की तो हजर होतो. शेतकऱ्याला, नवऱ्याने, वाऱ्यावर, पायऱ्या, नोकऱ्या, दुसऱ्या, साऱ्या, अधिकाऱ्यांना, कर्मचाऱ्यांचे, येणाऱ्या, जाणाऱ्या. मराठीतले कोणतेही सरकारी पत्र याच्याशिवाय एक परिच्छेद पुढे जात नाही. आणि तो न लिहिल्याने नुसती शोभा जात नाही, उच्चार आणि अर्थ दोन्ही बदलतात. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. आचार्यांना द्यायची दक्षिणा वेगळी आणि आचाऱ्यांना द्यायची मजुरी वेगळी. तरी आज कोणताही ग्रुप उघडा, ‘शेतकर्यांना’ आणि ‘करणार्या’ पानोपानी दिसतील. हे लिहिणाऱ्यांना मराठी येत नाही का? त्यांनी शाळेत वहीवर हे अक्षर शेकडो वेळा अचूक काढले आहे. हाताला जे येते ते अंगठ्याला मिळत नाही, एवढेच झाले आहे.

‘ॲ’ची कथा याहून गुंतागुंतीची. मराठीत आपण ‘अ’वर चंद्र काढतो, हिंदीत ‘ए’वर काढतात. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात, हिंदी धर्तीचा ‘ऍ’ पहिल्यापासून होता. मराठीच्या ‘ॲ’ला स्वतःची जागा मिळाली ती २००८ मध्ये. तोवर लोकांनी ‘अ’पुढे सुटा चंद्र जोडून काम भागवले आणि पुष्कळ जण अजूनही तसेच करतात. त्यामुळे ॲडव्होकेट, ॲम्ब्युलन्स, ॲप हे शब्द आज तीन प्रकारे साठवले जातात. डोळ्याला त्यातले दोन सारखेच दिसतात, पण शोधणाऱ्या यंत्राला ते वेगळे शब्द वाटू शकतात. ज्यांना चंद्र सापडतच नाही ते चंद्रबिंदू देऊन ‘अँप’ लिहितात, आणि ही चूक आता दुकानांच्या पाट्यांवर उतरली आहे. पाटी रंगवणारा कारागीर फोनवर आलेला मजकूर जसाच्या तसा उतरवतो. कीबोर्डातली खोट अशी भिंतीवर जाऊन बसते.

आता विरोधी बाजूचे सगळ्यात भक्कम म्हणणे घेऊ. रोमन अक्षरांत लिहा, यंत्र देवनागरी करून देईल, या सोयीने लाखो लोकांना मराठीत लिहिते केले. हे खरे आहे आणि ते ऋण मी मान्य करते. २००५-०६ च्या सुमारास मराठी अनुदिन्या (ब्लॉग) आणि संकेतस्थळे फुलली ती याच सोयीच्या जोरावर. त्याआधी साध्या एसएमएसमध्येही देवनागरीचे हाल होते: इंग्रजीत १६० अक्षरे मावत, देवनागरीत ७०, आणि त्या सत्तरांत काना, मात्रा, वेलांटी प्रत्येक वेगळी मोजली जाई. तेव्हा ज्यांनी रोमनची वाट धरली त्यांनी भाषा सोडली नाही, तगवली. शिवाय चीनचे उदाहरण समोर आहे. तिथली बहुसंख्य जनता शब्दाचा उच्चार पिनयिन या रोमन लेखनात टाइप करते आणि यंत्र त्याची चिनी अक्षरे पुढे करते. त्यामुळे चिनी लिपी मेली का? नाही मेली. मग मराठीलाच एवढी भीती का?

फरक असा, की पिनयिन हे ठरलेले लेखन आहे. १९५८ मध्ये त्याला अधिकृत मान्यता मिळाली, प्रत्येक चिनी मूल ते शाळेत शिकते, आणि एका उच्चाराला तिथे एकच लेखन आहे. मराठीच्या रोमन लेखनाला असा कोणताच नियम नाही. ‘आहे’ आणि ‘नाही’ हे दोन शब्द रोमनमध्ये कसे लिहाल, असे घरातल्या चार जणांना विचारा. चार उत्तरे येतील. ‘न’ आणि ‘ण’, ‘ल’ आणि ‘ळ’, ‘त’ आणि ‘ट’, ‘द’ आणि ‘ड’ या जोड्यांना रोमनमध्ये एकेकच अक्षर आहे. पाणी आणि पानी, बाळ आणि बाल, वेळ आणि वेल: कुठला शब्द हवा ते लिहिणारा सांगू शकत नाही, यंत्र ठरवते आणि लिहिणारा होकार देतो. शब्द नेहमीचा असेल तर यंत्र बरोबर ठरवते, मान्य. पण चीनमध्येही या होकाराची किंमत मोजावी लागतेच. लेखणी उचलली आणि अक्षर आठवेना, ही तक्रार तिथे इतकी रुळली आहे की तिच्यासाठी चार अक्षरांचा वाक्प्रचार तयार झाला आहे. अक्षर ओळखणे आणि अक्षर घडवणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. रोजच्या लिहिण्यातून दुसरे गेले की ते परत आणायला पुन्हा शाळाच लागते.

यंत्राच्या अंदाजाची खरी परीक्षा नेहमीच्या शब्दांवर होत नाही. ती होते वऱ्हाडीत, अहिराणीत, मालवणीत लिहिणाऱ्यावर. मालवणीतले ‘माका’, ‘तुका’, ‘खंय’ रोमनमधून लिहून बघा. यंत्र आपल्या ओळखीचा, जवळपासचा काहीतरी शब्द पुढे करते. दहा वेळा दुरुस्त केल्यावर माणूस अकराव्या वेळी प्रमाण मराठीत लिहू लागतो. कोणी बंदी घातली नाही, कोणी हिणवले नाही, तरी बोली मागे सरते. आडनावांचे, गावांच्या नावांचेही तेच. रोमन लिपीलाच माझा विरोध आहे असे मात्र समजू नका. गोव्यात रोमी कोंकणीची स्वतंत्र, जुनी परंपरा आहे. तिथे नाटके, वर्तमानपत्रे, प्रार्थना रोमनमध्ये लिहिल्या गेल्या आणि तिला स्वतःची लेखनरीत आहे. तिथे रोमन ही लिपी आहे. आपल्या फोनवर ती गाळणी आहे, आणि गाळणीतून काय खाली पडेल ते गाळणी ठरवते.

‘बोलून लिहा’ हा दुसरा पर्याय हल्ली हिरिरीने सुचवला जातो. ज्यांना दिसत नाही, ज्यांचा हात चालत नाही, ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी ही सोय वरदान आहे आणि ती आणखी सुधारली पाहिजे. पण दादरला भरलेल्या डब्यात उभी असलेली बाई आपल्या बहिणीला घरातली भानगड बोलून कळवणार आहे का? ऑफिसात, इस्पितळाच्या वॉर्डात, झोपलेल्या बाळाशेजारी काय करायचे? लिहिण्यात एक एकांत असतो. शिवाय लिहिताना माणूस शब्द बदलतो, खोडतो, थांबतो. बोलताना ते घडत नाही. लिहिणे बोलण्यावर सोपवून मोकळे होता येत नाही.

मग देवनागरी कीबोर्ड आहेच की, असे म्हणणारे असतात. आहे, आणि त्यामागची बुद्धी मोठी आहे. १९८६ मध्ये केंद्र सरकारने प्रमाणित केलेला इनस्क्रिप्ट हा सगळ्या ब्राह्मी कुळातल्या लिप्यांना एकच आराखडा देतो. डाव्या हाताकडे स्वर आणि मात्रा, उजव्या हाताकडे व्यंजने, अल्पप्राणाच्या कळेवरच शिफ्ट दाबून महाप्राण: क वर ख, ग वर घ, प वर फ. व्यंजन उजव्याने, मात्रा डाव्याने, असे दोन्ही हात आळीपाळीने चालतात. मी संगणकावर त्यातच लिहिते आणि ज्याला रोज मराठी लिहायची आहे त्याने तो शिकावा असे आजही सांगेन. पण तो दहा बोटांसाठी, टेबलावरच्या कीबोर्डासाठी आखलेला होता. इंग्रजीच्या वरच्या ओळीत १० कळा असतात. इनस्क्रिप्टमध्ये त्याच ओळीत ‘ड’पर्यंत ११ आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) व ‘ऑ’चे चिन्ह धरले तर १३ होतात. टेबलावर जागा होती. फोनची रुंदी सात सेंटीमीटरच्या आसपास. तेवढ्यात ११ कळा बसवल्या तरी प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम सहा मिलिमीटर येतात, आणि अंगठ्याचे टोक त्याहून रुंद असते. ‘क’ मारायला जावे आणि ‘त’ उमटावा, हे मग ठरलेलेच. त्यातून हा आराखडा सगळ्या भाषांचा सामाईक, म्हणून मराठीची गरज त्यात मागच्या बाकावर बसते. संगणकावरच्या देवनागरी इनस्क्रिप्टमध्ये ‘न’वर शिफ्ट दाबली की ‘ऩ’ येतो आणि ‘व’वर दाबली की ‘ऴ’. ही अक्षरे द्राविडी उच्चार देवनागरीत दाखवण्यासाठी आहेत, मराठीत ती कधीच लागत नाहीत. आणि मराठीला ओळीओळीत लागणारा ‘ण’ कुठे? ‘म’वर, शिफ्टखाली. ‘ळ’ ‘ल’वर, शिफ्टखाली. ‘ऱ’ ‘र’वर, तोही शिफ्टखाली. हिंदीत ‘ळ’ नाही आणि ‘ण’ कमी, त्यामुळे हिंदी लिहिणाऱ्याला हे खुपत नाही. आपल्याला मात्र ‘बाळ आणि आई’ एवढे लिहायलाही नुसत्या ‘ळ’ आणि ‘ण’साठी दोनदा शिफ्ट लागते.

यंत्र आणि मराठी लिपी यांची ओढाताण नवी नाही. खिळ्यांच्या छपाईत देवनागरीला शेकडो खिळे लागत, जुळारी दमून जात. सावरकरांनी म्हणून ‘अ’ची बाराखडी पुरस्कारली: इ, ई, उ, ऊ ऐवजी अि, अी, अु, अू. कारण रास्त होते, खिळे कमी होत होते, आणि पुष्कळ लेखकांनी ती निष्ठेने वापरलीही. १९५३ मध्ये लखनौला लिपी सुधारणा परिषद भरली आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे न्यावी असे ठरले, कारण टंकयंत्राला ती डावीकडे अडचणीची होती. आज अशी वेलांटी कुठे दिसते का? लोकांच्या हाताने ती स्वीकारली नाही, आणि दोन-तीन दशकांत यंत्रच इतके बदलले की अडचणच उरली नाही. त्या सुधारकांना मी नावे ठेवणार नाही. त्यांच्यापुढचे यंत्र लोखंडाचे होते, ते वाकत नव्हते, म्हणून त्यांनी लिपी वाकवून बघितली. आपल्यापुढची कळ तर नुसती काचेवरची प्रकाशाची चौकट आहे. ती हलवायला साचा पाडावा लागत नाही, खिळा ओतावा लागत नाही. तरीही ‘ऱ’ नाही मिळत तर ‘र’ लिहा, ‘ळ’ लांब आहे तर ‘ल’ चालवून घ्या, असे आपण म्हणणार असू, तर लखनौच्या परिषदेपेक्षाही आपण मागे गेलो.

यावर एक अनुभवी आक्षेप येतो: नवा कीबोर्ड कितीही शास्त्रशुद्ध असला तरी लोक तो घेत नाहीत. टंकयंत्र घडवणाऱ्या शोल्सने आखलेली इंग्रजी रचना १८७० च्या दशकात रेमिंग्टनच्या यंत्रावर आली आणि आजही फोनवर तीच आहे. ऑगस्ट द्वोराकने १९३६ मध्ये पेटंट घेतलेली रचना बोटांना सोयीची असूनही मूठभरांपुरती राहिली. हा आक्षेप मी हलका मानत नाही. बोटांची सवय कायद्याने बदलत नाही. पण इंग्रजीत जुनी रचना टिकली, कारण कोट्यवधी बोटांना ती आधीच पाठ होती. मराठीत अशी कोणती रचना बहुसंख्यांच्या बोटांना पाठ आहे? माझ्या आईला पाठ असलेली टंकयंत्राची रचना फोनवर सहसा येत नाही, इनस्क्रिप्ट थोड्यांना येतो, उरलेल्यांना इंग्रजीची रचना येते आणि तिच्यात मराठी अक्षरेच नाहीत. आपल्याकडे मोडायला जुनी सवय नाही, जागा रिकामी पडली आहे.

आणि भाषेसाठी हट्ट धरल्यावर यंत्र बदलते, याचे दाखलेही आहेत. स्पॅनिशमध्ये ‘एन्ये’ नावाचे अक्षर आहे, ‘एन’च्या डोक्यावर नागमोडी रेघ. ते नसलेली संगणकीय उपकरणे देशात विकू देणार नाही, असा स्पेनचा नियम होता. १९९१ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाने त्यावर बोट ठेवले, हा नियम मुक्त व्यापाराच्या आड येतो म्हणून. स्पेनमध्ये लेखक, अकादमी, वर्तमानपत्रे सगळे उठले. १९९३ मध्ये सरकारने फर्मान काढून नियम राखला. आज स्पॅनिश फोनवर बघा: एन्ये कुठल्या खिडकीत लपवलेले नाही, ‘एल’च्या शेजारी मधल्या ओळीत उघडे बसले आहे. त्याच कीबोर्डावर डोक्यावर तिरकी रेघ असलेले स्वर मात्र दाबून धरल्यावर मिळतात. स्पॅनिश लोकांनी ठरवले, की कोणते चिन्ह अक्षराचे रूप आहे आणि कोणते स्वतंत्र अक्षर आहे. आपल्या वतीने हे ठरवले ते ज्याला मराठी येत नाही अशा कोणीतरी. त्याला ‘ऱ’ हे ‘र’चे सजवलेले रूप वाटले, म्हणून तो ‘र’खाली गेला.

अंगठ्यासाठी वेगळी रचना चालते का, याचे उत्तर जपानने दिले आहे. तिथे स्मार्टफोनवर ‘काना’ नावाच्या जपानी अक्षरांच्या १२ कळा असतात. ‘का’च्या कळेवर अंगठा ठेवून डावीकडे झटकला की ‘कि’, वर ‘कु’, उजवीकडे ‘के’, खाली ‘को’. कळा कमी, म्हणून मोठ्या. एका हाताने, बघता बघता लिहिता येते, आणि तरुण पिढी त्यात सहज लिहिते. ज्या क्रमावर ही मांडणी उभी आहे, आ-का-सा-ता-ना, तो क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अध्ययनातून जपानात घडला. म्हणजे आपल्याच वर्णमालेचे शास्त्र दूरदेशी अंगठ्याखाली नांदते आहे. आणि आपल्याकडे कोणाला हे सुचलेच नाही असेही नाही. पवईच्या आयआयटीत प्राध्यापक अनिरुद्ध जोशी यांच्या चमूने २०१३ मध्ये ‘स्वरचक्र’ आणले. क, ख, ग, घ वर्णमालेच्या क्रमाने मांडलेले. ‘क’वर बोट ठेवले की भोवती चक्र उमलते, का, कि, की, कु, कू, आणि बोट सरकवले की ते अक्षर उमटते. पहिलीच्या बाराखडीइतके सोपे. मग ते घराघरांत का नाही? कारण ते वेगळे उतरवून घ्यावे लागते. जे फोनसोबत येते तेच बहुतेक लोक वापरतात, आणि फोनसोबत काय येईल ते मराठी समाज ठरवत नाही.

ते ठरवता येते. केंद्र सरकारने २०१६ मध्ये मोबाइल फोनसाठी भारतीय मानक बंधनकारक केले: बावीस भाषा वाचता आल्या पाहिजेत आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता आले पाहिजे. मराठीची गणना त्या ‘आणखी एका’त होऊ शकते, नाहीही. आणि लिहिता येणे म्हणजे काय, कितव्या स्पर्शाला येणे, हा प्रश्न त्या अटीने सुटत नाही. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीची वर्णमाला आणि अक्षरांची वळणे ठरवून दिली, ‘ल’ कसा असावा, ‘श’ कसा असावा इथपर्यंत. तेवढ्याच बारकाईने फोनवरच्या कीबोर्डाचा मराठी आराखडा का निघू नये? मराठी मजकुरात कोणते अक्षर किती वेळा आणि कोणाशेजारी येते ते मोजा. ‘ण’, ‘ळ’ आणि ‘ऱ्’ पहिल्या स्पर्शाला द्या. ‘ॲ’ एकाच प्रकारे साठवला जाईल असे पाहा. ‘ऩ’ आणि ‘ऴ’ आत जाऊ देत. आराखडा तयार झाल्यावर तो साताऱ्यातल्या, गडचिरोलीतल्या, मालवणातल्या माणसांच्या हातात देऊन बघा, साठीच्या वरच्यांच्या आणि चौथीतल्या मुलांच्याही. शासन स्वतः शिक्षकांना, अंगणवाडी सेविकांना, आशा ताईंना फोन आणि टॅब देते, त्यांच्याकडून रोज मराठीत माहिती भरून घेते. त्या खरेदीच्या अटींत हा कीबोर्ड आधीपासून चालू असावा, एवढी एक ओळ घालायला कोणाचीही परवानगी लागत नाही.

पूर्ण आराखड्याला वेळ लागेल, हे कळते. ‘ऱ्’ला लागू नये. ‘र’च्या शेजारी एक कळ, पाय मोडूनच येणारी, म्हणजे पुढे नुसता ‘य’ किंवा ‘ह’ मारला की झाले. आई अजून ‘बर्याच’ लिहिते. परवा तिने मामाला कागदावर पत्र लिहिले, पाच पानी. त्यात ‘ऱ्य’ चोवीस वेळा आला होता, मी मोजला, आणि एकदाही चुकला नव्हता.